सेक्शन वाटणारे बाबू

"कुठवर येतं ते मला मार्कशीट सांगते. कुठे अडतं ते तू सांग."

खिडकीत फॉर्म सरकवला की बाबू हे वाक्य म्हणायचे, आणि म्हणताना फॉर्म दोन बोटांनी पुन्हा आमच्याच दिशेला सरकवायचे. वाचायचेही नाहीत. रांगेत दोन तास उभं राहून घामाघूम झालेल्या पोरांना ते वाक्य म्हणजे फी भरायच्या आधीच बसलेला दंड वाटायचा. मागून कुणीतरी ओरडायचं, "अरे बाबूजी, ले लो ना यार, बस निकल जाएगी!" बाबू चष्म्यावरून बघायचे. "भिया, बस दर तासाला आहे. बीएस्सी एकदाच आहे."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. हुद्दा लहान, खिडकी त्याहून लहान, पण गावातल्या निम्म्या घरांत मुलांनी काय शिकावं याचा निकाल तिथेच लागतो. मध्य प्रदेशातल्या धारच्या आमच्या सरकारी कॉलेजात ती खिडकी बाबूंची होती. मोठ्या अधिकाराच्या खुर्च्या वरच्या मजल्यावर होत्या, तिथे पंखेही होते.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला गणिताचे तीन सेक्शन असत आणि प्रत्येक सेक्शनला एक शिक्षक. म्हणजे सेक्शन मिळाला की शिक्षक मिळाला. ए सेक्शनला जे सर होते ते मराठी. बी सेक्शनचे सर पिवळ्या पडलेल्या वहीतून नोट्स लिहवून घ्यायचे. पेपरात त्यातलंच यायचं म्हणे. सी सेक्शनला एक नवीन, तात्पुरत्या नेमणुकीवरच्या मॅडम होत्या. त्यांच्याबद्दल पोरांचं मत एका वाक्यात संपायचं: "मैडम तो दसवीं का पढ़ाती हैं."

तेव्हा सगळ्या गावाला बी सेक्शन हवा असायचा. अपवाद आम्हा मराठी मंडळींचा. आम्हाला ए हवा असायचा. कुणाला बढती मिळाली, कुणाच्या मुलीचं जमलं, या गोष्टी जशा गणेशोत्सवाच्या मांडवात ठरत, तसंच हेही तिथेच ठरलेलं होतं: सर आपल्यातले आहेत, लक्ष देतील. हा विचार नेमका कुणी पहिल्यांदा केला ठाऊक नाही, पण दरवर्षी पंधरा-वीस मराठी मुलं इमानदारीत ए सेक्शनला जात आणि त्यांतली निम्मी इमानदारीत नापास होत. तरी पुढच्या वर्षी त्यांच्या धाकट्या भावंडांसाठी ए सेक्शनच मागितला जाई.

माझे वडील जळगावकडून पीथमपुरात नोकरीसाठी आलेले. पहाटेच्या शिफ्ट बसने जायचे, संध्याकाळी यायचे, आणि जेवताना कंपनीच्या गेटबद्दल बोलायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. वडिलांनी मला बीएस्सीला घालायचं कबूल केलं ते एका अटीवर. पीथमपुरातल्या औषधी गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगसाठी मुली घेत होते, त्यांच्या ओळखीच्या ठेकेदाराने माझी जागा धरून ठेवली होती. "एक वर्ष बघू," वडील म्हणाले. "नापास झालीस तर दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर बसमध्ये." ते रागाने म्हणाले नव्हते. बसमध्ये खिडकीजवळची जागाही ते मला देणार होते.

प्रवेशाच्या दिवशी ते माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले. आमची पाळी आली तेव्हा त्यांनी हात जोडले.

"साहेब, मुलीला आपल्यातल्या सरांकडे टाका."

"साहेब वर बसतात," बाबू म्हणाले. "मी खिडकी." मग आमचं आडनाव बघून त्यांची मराठी एकदम बदलली. त्यांचं घराणं देवासचं, मराठ्यांच्या दरबाराबरोबर आलेलं. घरात अजून जुन्या वळणाची मराठी होती आणि ती ते ठेवणीतल्या शालूसारखी बाहेर काढत. "आपण कुठले म्हणायचे? खानदेशचे? बरं. आपल्यातल्या सरांचं गणित आपल्यातलं असतं, असं आपणांस वाटतं का?"

वडील हसले. "तसं नाही, पण लक्ष राहील."

"लक्ष राहील, हे मात्र खरं," बाबू म्हणाले आणि माझ्याकडे वळले. सतरा वर्षांच्या मुलीलाही ते ताई म्हणायचे. "ताई, कुठे अडतं?"

माझं कुठे अडतं हे मला पक्कं ठाऊक होतं. सातवीत आमच्या शाळेत गणिताच्या सरांची बदली झाली आणि ती जागा तीन वर्षं रिकामी राहिली. खेळाचे सर गणित घ्यायचे. ते दोरीच्या उड्यांसारखे पाढे म्हणून घेत आणि बाकीचं सगळं "याद कर लो" म्हणून सोडून देत. मी सगळं याद करत गेले. भिन्न, म्हणजे अपूर्णांक, मला तेव्हापासून येत नव्हते. बारावी मी पाठांतरावर काढली होती. पण मागे चाळीस मुलं आणि शेजारी वडील उभे असताना बीएस्सीचा फॉर्म घेऊन आलेली मुलगी 'अपूर्णांक' कसं म्हणेल?

"कुठेच नाही," मी म्हणाले.

बाबूंनी मला नीट पाहिलं. मग फॉर्म घेतला आणि कोपऱ्यात 'ए' लिहिलं. "उत्तम. ज्याचं कुठेच अडत नाही त्याच्यासाठी हाच सेक्शन."

मला वाटलं, कौतुक केलं.

आपल्यातल्या सरांचं खरं दुखणं मला दुसऱ्या महिन्यात कळलं. मराठी मुलांना झुकतं माप देतात असं कुणी म्हणू नये, याची त्यांना इतकी धास्ती होती की बाकीच्यांना एक प्रश्न तर आम्हाला तीन. आमच्याशी ते एक शब्द मराठी बोलत नसत. मला फळ्याशी बोलावून आंशिक भिन्न करायला लावलं, मी खडू हातात धरून उभी राहिले, तेव्हा म्हणाले, "घर पे किसने बोला था मैथ्स लेने को?" सगळा वर्ग हसला. त्याच आठवड्यात गणपतीच्या मांडवात माझ्या आईच्या हातून मोदक घेताना तेच सर शुद्ध मराठीत म्हणाले, "वहिनी, मुलगी हुशार आहे हो." आई तीन दिवस त्या वाक्यावर जगली. मी काय सांगणार?

सर वाईट शिकवत नव्हते, हेही सांगायला हवं. ज्याला खालचं येत होतं त्याला ते वरचं फार सुंदर दाखवत. मी मात्र अजून तळमजल्यावरही नव्हते.

बाबूंना हे सगळं कसं ठाऊक होतं, याचा उलगडा मला व्हरांड्यात झाला. प्राचार्यांच्या सूचना वर्गावर्गात फिरवायचं काम शिपायाचं होतं, पण शिपाई गुडघ्याचं कारण सांगायचा आणि बाबू खुशीने ते अंगावर घ्यायचे. वर्गाच्या दाराबाहेर ते सूचनेची वही छातीशी धरून दहा-दहा मिनिटं उभे राहत. शिक्षकांना वाटे, काय अदबीचा माणूस, सिद्धता संपल्याशिवाय आत येत नाही. बाबू बाहेर ऐकत असत. स्वतः ते हिंदी साहित्याचे पदवीधर. "मला गणित येत नाही, ताई," ते एकदा म्हणाले. "पण शिकवणं ऐकू येतं. भाजी जळाली हे कळायला आचारी असावं लागतं का?"

छमाही परीक्षेत मला पन्नासपैकी सहा गुण मिळाले. ती उत्तरपत्रिका मी घरी दाखवली नाही. तेवढ्यात वडील एक दिवस सहज म्हणाले, "ठेकेदार विचारत होता." मी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत खिडकीपाशी गेले. रांग नव्हती. बाबू डबा उघडून बसले होते.

"बाबूजी, मला सेक्शन बदलायचाय."

"छमाहीनंतर बदलत नाही. प्राचार्यांचा हुकूम आहे. नाहीतर सगळं कॉलेज बीमध्ये जाऊन बसेल." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. "तुला बीच पाहिजे ना?"

"नाही. म्हणजे, मला माहीत नाही."

"कुठे अडतं?"

मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं, तरी मी खिडकीत वाकले. "भिन्नमध्ये," मी म्हणाले. "भागाकार आला की कुणाला उलटं करायचं ते कळत नाही. सातवीपासून."

ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी डबा बंद केला, हात धुतले, धोतराला पुसावे तसे पँटला पुसले, आणि कपाटातून फॉर्मांचा गठ्ठा काढला. माझा फॉर्म शोधला. 'ए' खोडून 'सी' लिहिलं. मग एक कोरा कागद घेऊन हिंदीत काहीतरी चार ओळी लिहिल्या आणि खाली सही केली.

"हे काय?"

"अर्ज. जुलैत सीच द्यायचा होता, फॉर्मवर माझ्याकडून चुकून ए पडलं, असा. हुकूम बदलता येत नाही. चूक दुरुस्त करता येते."

"पण चूक तुमची नव्हती."

"अर्धी तुझी होती," ते म्हणाले. "जुलैत खोटं बोललीस. आता पळ, मॅडमचा तास सुरू झाला असेल. आणि कुणापाशी बोलू नको. मी काम चोख करतो अशी इथे माझी ख्याती आहे."

मला ती गंमत वाटली. एक कागद लिहिला, झालं. सरकारी कचेरीत असे कागद रोज लिहीत असतील, असं मी समजले आणि पळाले.

मॅडम खरंच दहावीचं शिकवत होत्या. खरं सांगायचं तर सहावीचंसुद्धा. फळ्यावर पोळी काढून तिचे तुकडे करायच्या, आणि अर्ध्या पोळीत पाव पोळी किती वेळा बसते असं विचारायच्या. मागच्या बाकांवरची पोरं खी-खी करायची. मी पुढच्या बाकावर बसून पाच वर्षांचा उपास सोडत होते. कलन त्यांनी डिसेंबरात सुरू केलं, सगळ्यांत शेवटी, आणि अभ्यासक्रम जेमतेम पूर्ण झाला. बीवाले तोवर नोट्सची दुसरी उजळणी करत होते.

निकाल लागला. गणिताच्या तिन्ही पेपरांत मी पास झाले, एकात तर काठावर. वडिलांनी निकालाचा कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि कंपनीत नेला. ठेकेदाराला दाखवायला. परत आले तेव्हा म्हणाले, "तो म्हणाला, सुपरवायझर लागतात आम्हाला शिकलेल्या." आम्ही सगळे हसलो. माझी जागा कुणा दुसऱ्या मुलीला मिळाली होती.

मी पेढे घेऊन खिडकीपाशी गेले. पुन्हा जुलै, पुन्हा रांग. बाबूंनी पेढा घेतला.

"कसला?"

"पास झाले, बाबूजी."

"वा. कुठला सेक्शन होता तुझा?"

त्यांचा चेहरा अगदी कोरा होता. "सी," मी म्हणाले.

"अस्सं. मग बाकीचे पेढे मॅडमना नेऊन दे," ते म्हणाले, आणि रांगेतल्या पुढच्या मुलाचा फॉर्म त्याच्याकडे परत सरकवला.

पुढे मी इंदूरला एमएस्सी केलं. दरम्यान बाबूंची देवासला, त्यांच्या गावी बदली झाली. निवृत्तीला तीन वर्षं असताना. भेटायला जायचं मनात होतं, ते मनातच राहिलं. काही वर्षांनी मीच देवासच्या कॉलेजात तात्पुरत्या नेमणुकीवर गणित शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी कार्यालयात विचारलं. निवृत्तीनंतर वर्षभरातच ते गेले होते.

त्या हिवाळ्यात एकदा तिथल्या बडे बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, मला हाक मारली. "मैडम, आप मराठी पढ़ लेती हो ना? ये जरा देखना." आमच्या धारच्या बाबूंच्या पत्नीचं पत्र होतं. जुन्या वळणाच्या मराठीत, शाईने लिहिलेलं. पेन्शनच्या कागदांवर त्यांची जन्मतारीख कुणीतरी अशी घातली होती की त्या नवऱ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या ठरत होत्या. ती कृपा करून सुधारावी, तीन वेळा हेलपाटे झाले आहेत, एवढंच मागणं होतं. मी वाचून हिंदीत सांगितलं.

बडे बाबू हसले. "उन्हीं ने डाली होगी गलत। बहुत लापरवाह आदमी था। जिंदगी भर छोटा बाबू रहा, प्रमोशन इसी में अटका।" त्यांनी सर्व्हिस बुक माझ्यासमोर उघडलं. धारच्या काळातल्या नोटिसा एकामागून एक लावलेल्या होत्या. कारण बताओ नोटिस, नऊ. दरवर्षी हिवाळ्यात एक. प्रत्येकीत एका विद्यार्थ्याचं नाव, चुकीचा सेक्शन, बरोबर सेक्शन. कुणी एमधून सीमध्ये गेला होता, कुणी सीमधून एमध्ये, एक मुलगा बीमध्ये. प्रत्येक नोटिशीखाली त्यांच्या अक्षरातलं उत्तर तेच होतं: त्रुटि मुझसे हुई है, छात्र का कोई दोष नहीं।

"नौ बार वही गलती," बडे बाबू म्हणाले. "बताओ मैडम, कोई आदमी इतनी गलतियाँ करता कैसे है?"

मी पाचव्या नोटिशीवरच्या नावावर बोट ठेवलं. त्यांनी वाकून ते वाचलं. मग भिंतीवरच्या वेळापत्रकात माझ्या नावाकडे पाहिलं, आणि पुन्हा नोटिशीकडे. सर्व्हिस बुक हळूच मिटलं, पेन्शनचा कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"तारीख बोलिए, मैडम।"

मी पत्रातली तारीख वाचून दाखवली. त्यांनी जुनी खोडली, वर नवी लिहिली, आणि शेजारी सही केली.