चावऱ्या कुत्र्याचे दहा दिवस

कुत्र्यांच्या शेल्टरच्या डॉक्टरांचा फोन आला की मी आधीच चिडते. ते बिचारे एवढंच विचारतात, "ताई, एक न्याल का?" नेलं नाही तर काय होणार हे ते सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. तिथे जागा नाही, करायला माणसं नाहीत, आणि ज्याचं दुखणं बरं होण्यातलं नाही त्याला शेवटी कायमचं झोपवायची सुई देतात. अशी कुत्री मी कित्येक वर्षं हुडकेश्वरच्या माझ्या घरी आणतेय. काही सुधारली, काही माझ्या मांडीवर गेली. माझी पाठ कामातून गेली. लोकांना वाटतं मला कुत्र्यांचं फार प्रेम. मला आता फक्त झोपेचं प्रेम उरलंय.

हा म्हातारा कुत्रा आला तेव्हा त्याच्या कमरेवर तळहाताएवढी जखम होती. अळ्या काढून झाल्या होत्या, पण मागचे पाय नीट उचलत नव्हते. डॉक्टर म्हणाले, "नेऊन बघा. पण खाणं सोडलं तर हट्ट करू नका, परत आणा." परत आणल्यावर काय होणार ते मला माहीत होतं.

दुसऱ्याच दिवशी त्यानं शेजारच्या काकांची पोटरी धरली. काका माझ्या कुत्र्यांच्या भुंकण्याची तक्रार करायला आले होते आणि फाटकात आडवा पडलेला हा प्राणी ओलांडून आत यायला गेले. चूक कोणाची यावर मी भांडले असते, पण रक्त पाहून आधी जखम धुतली. ऑटोनं त्यांना रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं. परत येताना काका म्हणाले, "आजच्या आज सुई देऊन टाक त्याले."

शेल्टरचे डॉक्टर फोनवर म्हणाले, नाही, आता तर मुळीच नाही. दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचा. पिसाळलेला असेल तर तेवढ्यात मरतोच; जगला, खात-पीत राहिला, तर काकांना घोर नाही. काकांनी मात्र आपली इंजेक्शनं चुकवायची नाहीत.

झालं. ज्याला मारा म्हणत होते तोच जगावा म्हणून काका देव पाण्यात घालून बसले.

माझ्या मागच्या अंगणाला गल्लीकडून लोखंडी जाळी आहे. कुत्र्याला तिथे ठेवलं. सकाळी माझे डोळे उघडायच्या आत जाळीबाहेरून हाक आली.

"जिता हाये ना वं?"

"हाये काका."

"खाल्लं काय?"

"नाही खाऊन राहिला."

काकांचा चेहरा पडला. घरी जाऊन त्यांनी दूधपोळी कुस्करून आणली आणि जाळीखालच्या फटीतून वाटी काठीनं आत ढकलली, तीही चांगलं लांब उभं राहून. कुत्र्यानं वाटी चाटूनपुसून साफ केली. मी हातानं पुढे केलेला भात त्यानं हुंगलासुद्धा नव्हता. मला राग आला, खोटं कशाला बोलू?

मग तो नेमच झाला. हळूहळू काठी घरी राहू लागली. काका जाळीशी वाकून "खा रे बाप्पा, खा" म्हणत. त्यांची चाहूल लागली की कुत्रा कंबर ओढत पुढे जाई. जखम भरत आली. चला, एकाचा तरी भार हलका झाला, असं मला वाटलं. काका याला ठेवूनच घेतील, असंही मनात येऊन गेलं. थकलेल्या माणसाला असली स्वप्नं पडतात.

दहा दिवस भरले. डॉक्टर येऊन पाहून गेले, म्हणाले, चिंता नाही. काकांनी हात जोडले, डोळे पुसले. "सुटलो वं मी. काय काय मनात येऊन राहिलं होतं, तुले काय सांगू."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत.

कुत्रा जाळीशी बसून राहिला. भात तसाच राहिला. दूधपोळी दिली, तीही तशीच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. शेवटी मी काकांकडे गेले. ते कुंड्यांना पाणी देत होते.

"काका, तो खाऊन नाही राहिला. एक डाव येऊन जा."

त्यांनी बादली खाली ठेवली. "बाई, मी माह्या जिवासाठी येत होतो, त्याच्यासाठी नाही. आता त्याच्याकडे जायचं म्हटलं की मले भेव लागते."

बोलताना त्यांचा हात पोटरीवर गेला. वर मला चहा घे म्हणाले. माणूस वाईट असता तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. घरी येऊन ओट्यापाशी उभी राहून रडले. कुत्र्यासाठी नाही, स्वतःसाठी. डॉक्टरांना लावायला फोन हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला.

सकाळी दूधपोळी कुस्करली, चपला घातल्या, पुढच्या दारानं निघाले आणि माझ्याच घराला वळसा घालून गल्लीत गेले. काका उभे राहायचे तिथे, जाळीबाहेर उभी राहिले. वाकताना पाठीत कळ आली. वाटी आत सरकवली.

त्यानं आधी माझ्यामागे गल्लीत पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. बऱ्याच वेळानं तो कंबर ओढत आला आणि खायला लागला.