बकासुर आणि वहिनींचे वडे

टेम्पोत गादी, शेगडी आणि मी. आईने खिडकीतून हात हलवला. बायको, सुलभा, फाटकाशी पदराने डोळे पुसत उभी. काय करुण प्रवेश! तिथेच पडदा पडायला हवा होता. पण टेम्पो शीळफाट्यावर अडकला तो अडकलाच. शेवटी सुलभा चालत आली, माझा विसरलेला चष्मा घेऊन. "एवढंच पोचलात?" म्हणाली. मग आम्हाला पुन्हा रडावं लागलं, तेही ट्रकवाल्यांसमोर.

दुबईला, कॅनडाला गेलेल्या माझ्या दोस्तांनो, हसा खुशाल. माझा परदेश म्हणजे ठाण्यातलं वर्तकनगर, आणि मला गाव सोडायला लावलं ट्रॅफिकने. माझ्या स्वादुपिंडात कॅन्सरची गाठ निघालेली. ठाण्याच्या हॉस्पिटलात एका अभ्यासात दोन इम्युनोथेरपी एकत्र देणार होते. डॉक्टरबाईंनी विचारलं, "ताप चढला तर तासाभरात पोचाल?" मी म्हणालो, "मॅडम, आमच्या फाट्यावर ते देवसुद्धा सांगणार नाही." "मग इथेच खोली घ्या." आई अंथरुणावर, त्यामुळे सुलभा तिकडे आणि मी इकडे.

बाईंनी छान समजावलं. शरीरात पहारेकरी असतात, कॅन्सर त्यांना गुंगवतो. एक औषध त्यांना जागं करतं, दुसरं चोर ओळखायला शिकवतं. खात्री कुणीच दिली नव्हती. पहारेकरी जागे झाले, गाठ वाढायची थांबली. पण ते इतके चेकाळले की इन्सुलिन बनवणाऱ्या गरीब पेशींनाही त्यांनी झोडपून काढलं. आता प्रत्येक जेवणाआधी पोटात सुई. भात वाटीने मोजायचा. आणि जिभेला तर काहीच कळेनासं झालं, सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं.

हे कुणाच्या बाबतीत व्हावं? बकासुराच्या! गावच्या जत्रेत दरवर्षी बकासुर मीच. पुराण काहीही सांगो, आमच्या नाटकात भीम येण्याआधी बकासुराला गाडा चाखायला मिळतो. गाड्यात घरोघरचं खरं जेवण असतं, आणि प्रत्येक घास खाऊन मी त्या घराची चेष्टा करायची. किसनदादाच्या बायकोने, रेखावहिनींनी, पाठवलेला वडा खाऊन मी गरजायचो, "मीठ कमीऽऽ!" त्या खालून चप्पल दाखवायच्या. लोक त्यासाठीच यायचे.

वर्तकनगरात मी 'अंकल'. कॉलनीतले लोक चांगले आहेत, लिफ्टमध्ये हसतात. पण मी काय खाल्लं, किती खाल्लं, कुणी बघत नाही. मी कुकरसमोर बकासुराचे संवाद म्हणतो. शिट्टी झाली की टाळी मिळाली असं समजतो.

यंदा वाटलं, बकासुर म्हणून दुसऱ्या कुणाला तरी घेतील. किसनदादाचा फोन आला. हा चुलतभाऊ आमचा भीम. "दादूस, पोट नाय तर नाय. उशी बांधू. पन बकासुर तूच." बाईंनी एका दिवसाची सुट्टी दिली.

पोटाला उशी बांधली. विंगेत ती वर सरकवून सुई घेतली आणि गेलो गाड्यासमोर. हातवारे मोठे, घास चिमणीचे. भाकरी, चिंबोरीचा रस्सा, खीर, सगळा पुठ्ठा. पण चेष्टा पाठ होती. वहिनींचा वडा तोंडात टाकला आणि गरजलो, "मीठ कमीऽऽ!"

हसू आलं. पण जरा उशिरा. एक श्वास मधे गेला, आणि मग सगळे एकदम, नेहमीपेक्षा मोठ्याने हसले. वहिनींनी चप्पल दाखवली, पण तोंड पदरात होतं.

परत निघताना आईला मी विचारलं, हसू उशिरा का आलं. ती म्हणाली, "यंदा तिने मूठभर मीठ जास्त घातलेलं. तुझी जिरवायला. सगल्या बायकांना सांगून ठेवलेलं." म्हणजे अख्खा मंडप माझ्या तोंडाकडे बघत होता, बकासुर कधी थुंकतो म्हणून. आणि मी तो वडा चाटूनपुसून गिळला होता.

इतकी वर्षं मला वाटायचं, घर म्हणजे चव. आता वाटतं, घर म्हणजे तो मधला श्वास. तेवढ्यात त्यांना सगळं कळलं, आणि तरी त्यांनी मला एकट्याला पडू दिलं नाही.

सुलभाने उरलेले वडे डब्यात दिले होते. वर्तकनगरात, दुपारच्या उन्हात, मी सुई घेतली, एक खाल्ला आणि दार उघडं ठेवून गरजलो, "मीठ कमीऽऽ!"

कुणीच हसलं नाही. उशिरासुद्धा नाही.