आजींना लुटायचं कसं?

"या वेळी मी वाईट होणार. म्हणजे होणारच."

असं म्हणून तो बनियनच्या टोकाने चष्मा पुसायचा, खुर्ची पुढे ओढायचा आणि कॉम्प्युटर चालू करायचा. दर शुक्रवारी सकाळी. बहारीनमध्ये शुक्रवार आमचा सुट्टीचा वार.

मोबाईल यायच्या आधीची गोष्ट आहे. झिंजला कंपनीने दिलेल्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघे राहत होतो. मी शटरिंगचा, म्हणजे काँक्रीट ओतायच्या फळ्या ठोकणाऱ्यांचा, फोरमन, श्रीवर्धनचा एक इलेक्ट्रिशियन, आणि हा. हा कंपनीचा टाइमकीपर. कोण कामावर आला, कोण आजारी, कोणाचा ओव्हरटाइम, हे सगळं याच्या हातात. गाव पुणे. आता पुण्याचा माणूस आणि त्याला 'नाही' म्हणता येत नाही, असा नमुना तुम्ही पाहिला असेल तर मला सांगा. मी एकच पाहिला.

कॉम्प्युटर त्याने देश सोडून जाणाऱ्या एका इंग्रजाकडून घेतला होता. त्यात एक गेम होता. मोटारी पळवायचा नव्हे. यात तुम्ही एक वाटसरू असता. गावोगाव फिरायचं. माणसं भेटतात, आपल्या अडचणी सांगतात. खाली तीन उत्तरं लिहून येतात. पहिलं भल्या माणसाचं, दुसरं व्यवहारी माणसाचं, तिसरं हलकटाचं. त्यातलं एक बटण दाबायचं. जसं दाबाल तशी पुढची गोष्ट. हा भल्या माणसाच्या वाटेने तो गेम अनेकदा शेवटपर्यंत खेळला होता. शेवटी गावकरी त्याचा पुतळा उभारत. पुतळा बघून त्याला लाज वाटायची.

मग वाईट व्हायचं वेड कशाला? त्याला कारण होतं, आणि ते हसण्यासारखं नव्हतं.

त्याची बायको आणि मुलगी पुण्यात. मुलगी तान्ही असताना हा इकडे आला. ती आता शाळेत जायला लागली होती. फॅमिली व्हिसा मिळायला वरची ग्रेड लागायची, आणि आमच्या ऑफिसात वरची ग्रेड एकाच खुर्चीला होती, लीव्ह देणाऱ्या माणसाच्या. त्या खुर्चीवरचा माणूस घरी जायचा होता. मोठ्या साहेबाने याला बोलावून सांगितलं, "खुर्ची तुला देतो, पण तू साखर आहेस. उन्हाळ्यानंतर बघतो. नाही म्हणायला शीक."

आता हा पडला पुस्तकी माणूस. पोहायला शिकायचं तर आधी पुस्तक आणेल. म्हणाला, "मिस्त्री, खऱ्या माणसांवर सराव करणं बरं नाही. आधी गेममधल्या लोकांना नाही म्हणून बघतो."

मी तिथे हटकून बसायचो. मला इंग्रजी येत नाही. चौथीपर्यंत शिकलो आणि तेवढं मला पुरलं. पण माझ्यासमोर काही चाललंय आणि मला कळत नाही, हे मी खपवून घेत नाही. चहाचा कप घेऊन त्याच्या कॉटवर बसायचो आणि म्हणायचो, "मराठीत सांग. नाहीतर मशीन बंद कर."

तो बिचारा सांगायचा.

"मिस्त्री, आता या आजी आल्यात. आजी म्हणतायत, बाळा, माझी शेळी डोंगरात हरवली, तेवढी शोधून दे रे."

"ही उत्तरं काय आहेत?"

"पहिलं, आजी, तुम्ही बसा, मी शोधून आणतो. दुसरं, काय द्याल? तिसरं..." तो थांबला. "तिसरं म्हणजे, शेळी मीच खाल्ली, आता तुमची झोपडीपण पेटवतो."

"दाब तिसरं."

"दाबू?"

"दाब!"

बोट तिसऱ्या बटणावर गेलं, आणि तिथून पहिल्यावर येऊन पडलं. "चुकून दाबलं गेलं," तो म्हणाला. मग अर्धा तास आम्ही शेळी शोधली.

श्रीवर्धनचा इलेक्ट्रिशियन दारात टॉवेल खांद्यावर टाकून उभा असायचा. तो ओरडायचा, "अरे भाऊ, यल्ला! काय बघतोस? खलास कर म्हातारीला! रहम मफी!" मफी म्हणजे अरबीत 'नाही'. दयामाया नाही, असं त्याचं म्हणणं.

"अहो, त्या एकट्या राहतात," हा म्हणायचा.

एकदा रस्त्यात दरोडेखोर भेटला. दरोडेखोराला तरी धमकी दे, मी म्हटलं. त्याने छाती पुढे काढली, बटण दाबलं आणि मला मराठीत सांगितलं, "मी त्याला म्हणालो, आपण ती तलवार खाली ठेवता का?" मी विचारलं, तिथे 'आपण' लिहिलंय का? तो म्हणाला, "तसं नाही. पण अनोळखी माणूस आहे ना."

एक शुक्रवार तर असा उजाडला की याने खरोखर चोरी केली. एका रिकाम्या घरातून धान्याची पिशवी उचलली. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. हा खुर्चीवरून उठून खिडकीशी गेला, बाहेर बघत राहिला, परत येऊन बसला आणि गेममध्ये मागे फिरून त्या घरात गेला. पिशवी तर परत ठेवलीच, वर आपली चांगली ढालही ठेवून आला. मी म्हटलं, "शाब्बास! अशा चोराची लोक वाट बघतील. रोज दार उघडं टाकतील."

त्याला हसू आलं नाही. म्हणाला, "मिस्त्री, उन्हाळा संपत आला. काल फोनवर मुलीने विचारलं, बाबा, तुम्ही खरे असता का?"

त्यावर मी विचार केला. शटरिंगमध्ये काँक्रीटचा माल कुठून गळतो ते आधी शोधावं लागतं, मग फळी ठोकता येते. याचं कुठे गळत होतं ते मला सापडलं.

पुढच्या शुक्रवारी मी त्याला धरलं. "ती म्हातारी शेळीवाली. ती तुला काय म्हणते? मशीनमध्ये लिहिलंय तेच सांग."

तो पडद्यात बघून म्हणाला, "स्ट्रेंजर. म्हणजे परका माणूस."

"मग 'बाळा' कुठून आणलंस?"

"आता आजी आहेत म्हटल्यावर..."

"आणि 'आजी' लिहिलंय?"

त्याने पुन्हा बघितलं. "ओल्ड वुमन."

"म्हणजे थेरडी."

"थेरडी कसं म्हणायचं, मिस्त्री!"

"इथेच तुझं गळतंय," मी म्हटलं. "तू मराठीत आणलंस की म्हातारीची आजी होते, बाईची मावशी होते, दरोडेखोराचा पाव्हणा होतो. मग तू काय लुटणार? नात्यातल्या माणसाला कोणी लुटतं का?" (लुटतात. कोकणात जमिनीच्या वाटण्या बघा. पण ते त्याला सांगायची ही वेळ नव्हती.) "आजपासून मराठी बंद. मला काही सांगू नकोस. इंग्रजीत वाच, इंग्रजीत दाब."

हे सांगून मी उठून स्वयंपाकघरात गेलो. मला न कळता काही चालू द्यायचं, हे माझ्या स्वभावाला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. मासे साफ करत बसलो. आतून नुसतं टक टक टक.

जेवायच्या वेळेला तो बाहेर आला. चेहरा पांढरा. म्हणाला, "जमलं, मिस्त्री. गाव जाळलं."

आणि सिंकपाशी जाऊन साबणाने हात धुवायला लागला. धुतोय, धुतोय. मी विचारलं, "आजींचं काय केलंस?"

"ते विचारू नका. मराठीत सांगता येणार नाही."

त्या दिवशी सुरमई होती. तो भात-डाळ खाऊन उठला.

मग आले गणपती. कोकणातला माणूस जगाच्या कुठल्याही टोकाला असो, गणपतीला त्याला घरी जायचं असतं, आणि सगळ्यांना एकाच आठवड्यात. माझ्या गँगमध्ये बहुतेक आमच्याच भागातले. रिफाला बंगल्यांचं काम जोरात होतं. साहेबाने सांगून टाकलं, शटरिंगचे दोघेच जातील, बाकीच्यांना नाही. आणि ते सांगायला बसवलं याला. हीच याची परीक्षा.

साईटवरच्या पोर्टाकेबिनबाहेर रांग लागली. माझ्यापुढे दोन पोरं होती, दोघांची नवी लग्नं झालेली. ती आत गेली आणि हसत बाहेर आली. संपल्या दोन जागा. तिसरा मी. दोन वर्षं मी घरी गेलो नव्हतो. आमच्या घरचा गणपती माझ्या हाताने बसतो, वडील गेल्यापासून. शिवाय हा माझाच माणूस. मी अगदी निवांत आत शिरलो.

मोठा साहेब मागे दाराला टेकून उभा होता, हाताची घडी घालून.

याने माझ्याकडे बघितलं. "मिस्त्री" म्हणायला त्याचं तोंड उघडलं. मग त्याने तोंड मिटलं, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि माझ्या शर्टाच्या बटणाकडे बघत म्हणाला,

"मिस्टर फोरमन, युवर लीव्ह इज नॉट अप्रूव्ड. नेक्स्ट."

जन्मात मला कोणी मिस्टर म्हटलं नव्हतं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत नाही. एकदा एका इंजिनियरने चुकीचं माप देऊन वर मलाच शहाणपण शिकवलं, तेव्हा त्याच्या पायापाशी हातोडा आपटून मी तीन दिवस कामावर गेलो नव्हतो. पण त्या केबिनमध्ये मी काय केलं? "थँक्यू" म्हटलं आणि बाहेर आलो. माझ्या मागून साहेबही बाहेर पडला, मान डोलवत. बाकीच्या पोरांनाही तसंच उत्तर मिळालं. त्या वर्षी आमचा गणपती धाकट्या भावाने बसवला. वाकडा बसवला, असं वहिनी सांगते.

संध्याकाळी मी माझ्या खोलीत आडवा पडलो होतो. तो दारात येऊन उभा राहिला. आत येईना.

"मिस्त्री, सकाळी मी जे बोललो..."

"कोण बोललं?"

"मी. केबिनमध्ये."

"तू इंग्रजीत काहीतरी म्हणालास खरं. मला इंग्रजी येत नाही. साहेब उभा होता म्हणून मी थँक्यू म्हटलं."

तो चष्म्याशी चाळा करत राहिला. "मग मराठीत सांगतो."

"सांग."

"मिस्त्री, तुम्हाला... या वेळी तुम्हाला गणपतीला..."

पुढचा शब्द काही निघेना. कान लाल झाले.

मी म्हटलं, "राहू दे. मराठीत 'नाही' म्हणाला असतास तर तंगडं मोडून हातात दिलं असतं. जा, भाताला कुकर लाव."

त्याने कुकर लावला. आम्ही तिघे जेवलो. इलेक्ट्रिशियनच बोलत होता, आम्ही दोघे ऐकत होतो.

खुर्ची याला मिळाली. ग्रेड मिळाली, व्हिसाही आला. बुसैतीनला त्याने दोन खोल्या बघितल्या आणि आमचा फ्लॅट सोडला. पुढे कंपनीही सोडली. कोणी म्हणतं कॅनडाला गेला, कोणी म्हणतं पुण्यातच आहे. मला काही ठाऊक नाही, आणि विचारत फिरणं माझ्या स्वभावात नाही.

पण त्या दोघी आल्या त्या दिवशी एअरपोर्टवर मी होतो. त्याने मला ओढूनच नेलं. बायको सामान घेऊन बाहेर आली. मुलगी तिच्या मागे लपली, याच्याकडे एकदा बघितलं आणि आईला हळूच विचारलं, "हे काका कोण?"

तो नुसता गुडघ्यावर बसला. मुलीने त्याला नीट न्याहाळलं, त्याच्या मागच्या ट्रॉलीकडे बघितलं आणि म्हणाली, "मला त्याच्यावर बसायचंय."

त्याने तिला उचलून बॅगांवर बसवलं. समोरून पोलीस हात हलवत आला, "मफी! मफी!" म्हणत. हा त्याला "सॉरी, सॉरी" म्हणत राहिला आणि ट्रॉली ढकलत राहिला. बायको ओरडतेय, "अहो, थांबा, पडेल ती!" पोलीस मागे, बायको त्याच्या मागे. मुलगी वर बसून दोन्ही हातांनी बॅग धरून सांगत होती, "अजून जोरात!" आणि तो पळत होता.