डाक आवृत्तीतला चेहरा

भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "जंगलात बंदूकवाल्यांसोबत राहिल्या, भीती नाही वाटली का?" वाटली, कशाला नाही म्हणू! पण आठवलं की आजही ज्या गोष्टीनं माझं डोकं तापतं, ती जंगलात घडलीच नाही. ती इथं नागपुरात घडली, आमच्याच पेपरच्या कचेरीत, एसीच्या गारव्यात, टेबलावर चहाचे कप असताना.

राज्याच्या पूर्व टोकाच्या जंगलात लढाई चालते. तिच्या बातम्या आणायचं काम आमच्या पेपरात माझ्याकडे होतं. तिकडचे गावकरी बंदूकवाल्यांना 'आतले' म्हणतात. एकदा आतल्यांचाच निरोप आला, आमच्यासोबत चाला, आमचंही ऐका. मी गेले. पाठीवर पिशवी, गळ्यात कॅमेरा, आणि पायाला असे फोड की चप्पल बघूनच रडू यावं. त्यांचा कमांडर किडकिडीत, चष्मेवाला. मराठी अगदी शुद्ध बोलायचा आणि एकदा सुरू झाला की थांबायचा नाही. जनता असं म्हणते, जनतेला तसं हवं. चढावर मला दम लागलेला, आणि याची जनता काही संपेना.

या लोकांची एक पद्धत आहे. दिवस मावळायला गावात शिरायचं आणि घराघरात वाटून जेवायला बसायचं. आधी कळवायचं नाही, विचारायचं तर नाहीच. कमांडर, त्याचे दोघं आणि मी, असे एका घरी बसलो. घरात नवरा-बायको, म्हातारी सासू आणि एक लहानगी पोर. त्या बाईनं भात आणि अंबाडीची भाजी वाढली. भांडं खरवडेपर्यंत वाढली. पोर आईच्या लुगड्याला धरून आमच्या पानांकडे बघत होती. मी माझा भात तिच्याकडे सरकवला, तर कमांडर म्हणतो कसा, "ताई, राहू द्या. जनता खुशीनं देते."

खुशीनं! दारात बंदुका टेकवून ठेवायच्या आणि वर म्हणायचं खुशीनं. मी म्हटलं, "तुम्ही एकदा तरी विचारून पाहिलं का, वाढता का म्हणून?" तो नुसता हसला. मोठमोठं बोलणाऱ्या माणसांना अडचणीचं काही विचारलं की ती अशीच हसतात, मग ती जंगलातली असोत की मंत्रालयातली.

बाई वाढत असताना मी फोटो काढला. काढायच्या आधी तिला विचारलं. तिनं सरळ सांगितलं, "काढा, पण माहं तोंड नोका दाखवू. पेपर इकडचेही पाहतात अन् तिकडचेही पाहतात." मी शब्द दिला.

नागपूरला आल्यावर फोटो देताना वर मोठ्या अक्षरात लिहिलं, बाईचा चेहरा झाका. एवढं लिहून मी थांबले नाही. रात्री पान लावणाऱ्याच्या खुर्चीमागे उभी राहिले, त्यानं तो चेहरा पार पुसट केला ते डोळ्यांनी पाहिलं, मगच हुडकेश्वरला घरी गेले. सकाळी दारात पेपर पडला. पहिल्या पानावर फोटो, चेहरा पुसट. जीव भांड्यात पडला.

दोन दिवसांनी तिच्या नवऱ्याचा फोन आला. कुठल्यातरी टेकडीवर चढून रेंज मिळवली होती बिचाऱ्यानं. "ताई, तिले पोलिसांनी उचलून नेलं. त्यांच्या हातात तुमचा पेपर होता. आतल्यांले जेवू घालते म्हणतात. फोटोत तोंड दिसून राहिलं."

मी म्हटलं, "कसं दिसेल? मी माझ्यासमोर पुसून घेतलंय!"

"दिसते ताई. नाकातली चमकी बी दिसते."

आता हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. आमच्या पेपरची पहिली छपाई म्हणजे डाक आवृत्ती. ती लांबच्या तालुक्यांत जायची असते, म्हणून भर संध्याकाळी छापायला जाते. गाड्या वाडीच्या गोदामावरून निघतात आणि पहाटे जंगलाच्या तोंडाशी पोचतात. शहर आवृत्ती मागून छापतात, आरामात, चुका सुधारून, फोटो बदलून. माझ्या नाकासमोर ज्या पानावर चेहरा पुसला ते पान शहराचं होतं. डाकेचं पान तोवर मशीनवर चढलेलं, आणि माझी सूचना कोणी त्याच्यापर्यंत नेलीच नव्हती. डाकेकडे कोण बघतं! आमच्या कचेरीत शिकाऊ पोरापासून संपादकापर्यंत सगळ्यांचं हेच. म्हणजे बघा, धरमपेठेत चहा पिणाऱ्यापासून तिचा चेहरा लपवला, ज्याला ती कोण आहे याचं सोयरसुतक नाही. आणि जिथं प्रत्येक जण तिला ओळखतो, तिथं चमकीसकट छापून घरपोच दिला. वा रे वा आमची पत्रकारिता!

मी तडक संपादकांच्या केबिनमध्ये घुसले. दोन्ही आवृत्त्या टेबलावर आपटल्या.

"तुम्ही काहून एवढ्या तापून राहिल्या?" ते म्हणाले. "डाक निघून गेली होती. एका बाईपायी गाड्या थांबवाव्या का?"

"सर, तिला उचललंय!"

"मंग बातमी आहे ना. करा ना तुम्ही."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "चूक झाली असं छापा. तिच्या दारात बंदुका होत्या, तिला नाही म्हणायची सोय नव्हती, असं छापा." ते लगेच तयार! पहिल्या पानावर चौकट देतो म्हणाले. फक्त सोबत तिचा तोच फोटो पाहिजे, मोठा. "फोटोबिगर वाचकांले कळन कसं, कोणती बाई?" त्यांना खरंच कळत नव्हतं की मी कशासाठी ओरडते आहे.

आमच्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत, इंदोऱ्याच्या. तोंडानं फटकळ, पण केस हातात घेतली की सोडत नाहीत. त्यांच्यासोबत मी पोलिसांच्या साहेबाकडे गेले. साहेबानं चहा मागवला, खुर्ची दिली. म्हणाला, "बाई गरीब आहे, आम्हालाही कळतं. तिला तुमच्या पेपरात सांगू द्या की आतल्यांनी बंदूक लावून जेवण घेतलं, मारहाण केली. मग तिच्या जामिनाला आम्ही पण विरोध करत नाही." मारहाण तर झालीच नव्हती. वकीलबाई माझ्या कानात म्हणाल्या, "पटकन सुटेल वं, विचारून तर पाहा."

तुरुंगात भेट झाली. मध्ये जाळी. ती वाळून गेली होती. मी साहेबाचं म्हणणं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असं छापलं तर मी सुटीन. पण माही पोरगी तिकडंच आहे ना, ताई. आतल्यांनी वाचलं तर तिचं काय करतीन?" मग इकडे आड, तिकडे विहीर. ती गजाआड राहिली. पाऊसकाळ तिथंच गेला, नवऱ्यानं एकट्यानं धान लावलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी पाहिलं. ज्यांनी बंदुका टेकवल्या ते जंगलात मोकळे, ज्यांनी चेहरा छापला ते एसीत मोकळे, आणि भात वाढणारी आत.

वकीलबाई तारखांवर तारखा भांडल्या आणि शेवटी जामीन झाला. त्या दिवशी मी कोर्टाच्या आवारात सगळ्यांसमोर रडले. वाटलं, सुटली एकदाची, आता उद्या घरी जाईल.

कसली जाते! नवरा न्यायला आला तो कमांडरचा निरोप घेऊन. आतल्यांना संशय होता, पोलिसांनी सोडलं म्हणजे हिनं काहीतरी सांगितलं असणार. तसं नसेल तर हिनं पेपरात छापून आणावं, पोलिसांनी मला मारलं म्हणून. छापून आलं की गावात खुशाल राहावं. तिथंही पेपर! साहेबाला पेपर पाहिजे, कमांडरला पेपर पाहिजे, आणि आमच्या संपादकांना तर दोन्ही बातम्या चालत होत्या, फोटो असला म्हणजे झालं. एकमेकांच्या जिवावर उठलेली ही माणसं, पण या बाईकडून सगळ्यांना एकच वस्तू हवी. लाज कशी वाटत नाही या लोकांना?

मी तिला हळूच विचारलं, "मारलं का गं तिथं?"

ती म्हणाली, "ते माहं माह्यापाशी राहू द्या. छापायसाठी नाही ते."

त्यानंतर मी तिला त्याबद्दल कधी विचारलं नाही. नोकरी सोडली. संपादकांचा अजून फोन येतो, ती बाई सध्या कुठं आहे, एक चांगली स्टोरी होईल म्हणून. मी फोन ठेवून देते.

तिनं काहीच छापू दिलं नाही, म्हणून गाव बंद झालं; ती सध्या आमच्या भागातच आहे. एका खोलीत राहते, मुलींच्या होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. नवरा धान कापून झालं की येतो. मागल्या खेपेला पोरीला घेऊन आला, तर पोर बापाच्या मागे लपली, आईकडे जाईना. परत जाताना मात्र आईचा पदर सोडेना. त्यांची बस गेल्यावर आम्ही दोघी स्टँडवरच बसून राहिलो. मी काहीतरी धीराचं बोलत होते, होईल सगळं ठीक, निवळेल, लोक विसरतात. ती ऐकत होती की नाही कोण जाणे.

मग तिनं विचारलं, "ताई, तुम्हाले तुमच्या गावाले जायचं असलं, तं तुम्ही कोणाले विचारता?"

मी कोणालाच विचारत नाही. बस धरते आणि जाते.