लंगडा बोकड आणि आत्याबाईंची पुडी

"ॲड्रिनल इन्सफिशियन्सी," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि मला ते नाव दोनदा म्हणायला लावलं. मग केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी दोन मूत्रपिंडं काढली आणि दोघांच्या डोक्यावर एकेक छोटी टोपी. त्या टोप्या म्हणजे ॲड्रिनल ग्रंथी. कॉर्टिसोल नावाचं द्रव्य तिथं तयार होतं. रक्तदाब टिकवायला, साखर आणि मीठ जागेवर ठेवायला, आजारपण सोसायला ते लागतं. माझ्या सासूबाईंच्या ग्रंथींनी ते बनवणं जवळजवळ सोडून दिलं होतं.

"बाहेरून आयतं मिळत होतं, मग ग्रंथी कशाला राबतील?" मॅडम म्हणाल्या. "आणि बाहेरचं एकदम बंद झालं. बरं झालं, तुम्ही वेळेवर सांगितलंत."

"मी नाही सांगितलं," मी म्हणाले. "त्यांनीच सांगितलं. तेही एका बोकडामुळं."

मॅडमनी माझ्याकडं जरा काळजीनं पाहिलं. चार दिवसांची माझी अवस्था बघता त्यांना काही वेगळं वाटलं असेल तर त्यात त्यांची चूक नव्हती.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर जे कोणी आज बसलेले असतील, रिपोर्टची वाट बघत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यात थोडी माझी फजितीही आहे.

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, गंगापूरकडच्या एका गावात राहतात. घराणं मेंढरं-शेळ्या राखणारं. आता शेती आहे, पण आत्याबाईंचं अर्धं आयुष्य शेळ्यांमागं गेलं. चालून चालून गुडघे गेले. मी इथं शहरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला आहे, नवरा वाळूजला कंपनीत. आत्याबाई लग्नकार्य असलं की आमच्याकडं सिडकोत येतात, आठ दिवसांत कंटाळतात आणि परत जातात.

गेली तीन वर्षं त्यांचे गुडघे कमी दुखत होते. चेहरा भरला होता, गालांवर गोलाई आली होती. आम्ही कौतुकानं म्हणायचो, म्हातारपणी गावची हवा मानवली. तो चेहरा औषधानं सुजलेला आहे हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

या वेळी त्या पुतण्याच्या लग्नाला आल्या आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून जेवण टाकायला लागल्या. मळमळ. उभं राहिलं की अंधारी. आम्ही म्हटलं, लग्नातलं तेलकट बाधलं. कॉलनीतल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, एक दिवस बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी परत तेच. सलाईननं बरं वाटतं म्हणजे अशक्तपणाच, असा आम्ही आमच्यापुरता निकाल लावला. मग एका सकाळी त्या न्हाणीत कोसळल्या.

दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब ऐंशीच्या खाली होता. सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, एकशे अठरा. ते एकशे पस्तीसच्या वर असायला हवं. साखरही कमी. पहिला अंदाज सेप्सिसचा निघाला, म्हणजे कुठंतरी जंतुसंसर्ग होऊन तो रक्तात पसरलाय. अँटिबायोटिक सुरू झालं. लघवी, छाती, पोट, सगळं तपासलं. जंतू कुठंच सापडेना.

"घरी काही औषधं चालू होती का?" मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं. "गोळ्या, काढे, झाडपाला, काहीही."

"काही नाही," मी ठामपणे सांगितलं. आत्याबाईंनी डोळे मिटूनच मान हलवली. मॅडमनी दुसऱ्या दिवशी परत विचारलं. मी परत तेच, आणि थोडं चिडूनच. आमच्या घरात असलं काही चालत नाही याचा मला अभिमान होता.

वॉर्डात दुपारी दोन ते चार शांत असायचं. राउंड झालेला, डबे येऊन गेलेले. मी पर्समधून पुस्तक काढायची. त्या महिन्यात मला उत्तर युरोपातल्या, बर्फाळ मुलखातल्या जुन्या देवांच्या गोष्टींचं वेड लागलं होतं. आमच्या ग्रंथालयात त्या गोष्टी आजच्या इंग्रजीत नव्यानं सांगणारी दोन पुस्तकं आली होती. देव तेच, भांडणं तीच, पण दोन्ही लेखकांचा सांगण्याचा सूर निराळा. एकातले देव शेजारच्या गल्लीतल्या माणसांसारखे बोलतात. दुसऱ्यात गोष्ट देवांच्या वाटेत येणाऱ्या साध्या माणसांच्या बाजूनं सांगितली आहे. मी एक गोष्ट इथं वाचायची, मग तीच तिथं. आजारी माणसाजवळ बसून असं वाचणं बरं दिसतं का, असा प्रश्न मला पडायचा, पण रिपोर्टची वाट बघताना डोकं दुसरीकडं लावलं नाही तर ते फुटायची वेळ येते.

दुसऱ्या दुपारी आत्याबाईंनी डोळे उघडले. "काय वाचायलीस गं एवढं?"

"देवांच्या गोष्टी. तिकडच्या."

"सांग की मग. नुस्तं पडून किती ऱ्हायचं."

मी म्हटलं, शेळ्या राखलेल्या बाईला हीच सांगावी. गडगडाटाचा एक देव आहे, थॉर. हातात हातोडा, आणि रथाला दोन बोकड जुंपलेले.

"बोकडं? गाडीला?" आत्याबाईंना ते पटलं नाही. "बोकड सरळ चालतंय व्हय कधी?"

एका संध्याकाळी तो एका गरीब शेतकऱ्याच्या घरी मुक्कामाला थांबतो. घरात खायला नाही. मग देव आपलेच बोकड कापतो, रस्सा शिजतो, सगळे पोटभर जेवतात. अट एकच. हाडं फोडायची नाहीत, सगळी जशीच्या तशी कातड्यावर ठेवायची. सकाळी देव हातोडा फिरवतो आणि बोकड उठून उभे राहतात.

"आमच्याकडं असा हातोडा असता, तर मी गुडघे झिजवले असते का," आत्याबाई म्हणाल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या ओठांवर हसू दिसलं.

"पण त्या शेतकऱ्याच्या पोरानं गुपचूप एक नळी फोडली. आतला मगज खायला."

"फोडणारच. नळी कुणी सोडतंय?"

"सकाळी बोकड उठले, तर एक लंगडत होता."

तेवढ्यात सिस्टर रक्त घ्यायला आल्या. आत्याबाईंची शीर सापडत नव्हती, तीनदा टोचावं लागलं. गोष्ट तिथंच राहिली.

तिसऱ्या दिवशी त्या बोलल्याच नाहीत. रक्तदाब पडू नये म्हणून आता चोवीस तास औषधाचं थेंबथेंब सलाईन होतं. नवऱ्यानं कंपनीतून रजा घेतली. चौथ्या सकाळी मॅडम आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "औषधाचा डोस वाढवतोय, तरी दाब धरत नाहीये. आमच्या नजरेतून काहीतरी सुटतंय. आज संध्याकाळपर्यंत फरक पडला नाही तर आयसीयूत घ्यावं लागेल. हृदयावर ताण येतोय." नवरा भिंतीला टेकून उभा राहिला.

दुपारी मी आत्याबाईंच्या उशाशी बसले. पुस्तक उघडलंच नाही. त्यांनीच हळू आवाजात विचारलं, "मंगल, मग काय केलं देवानं?"

मला आधी कळेचना.

"त्या पोराला. मारलं का?"

खरं सांगते, मला त्या क्षणी गोष्ट सांगायची इच्छा नव्हती. पण आजारी माणूस दोन दिवस त्या पोराची काळजी करत पडलंय हे बघून मी सांगितलं. एका पुस्तकात देव भुवया खाली ओढतो, हातोड्याची मूठ इतकी आवळतो की बोटं पांढरी पडतात. दुसऱ्यात हे सगळं घरातल्या मुलीच्या डोळ्यांतून दिसतं. भावानं नळी फोडली हे तिला माहीत असतं आणि ती भीतीनं गप्प असते. पण पुढचं दोन्हीकडं सारखंच आहे. घरातली माणसं थरथर कापताना पाहून देवाचा राग उतरतो.

"बोलला का काय त्यांना?"

"नाही. शांत झाला. पोराला आणि बहिणीला बरोबर घेऊन गेला."

आत्याबाई छताकडं बघत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "मी बी नळी फोडलीया, मंगल."

तीन वर्षांपासून त्या गावाजवळच्या एका म्हाताऱ्या माणसाकडून गुडघ्यासाठी पुडी घेत होत्या. रोज चिमूटभर, पाण्याबरोबर. तो पैसे घेत नाही, फक्त नारळ. आणि त्याचा नियम एकच, कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो. "पैसं घेत नाय म्हंजी ते औषिद नाय ना. मला वाटलं, डाक्टरीणबाई औषिदाचं इचारायल्या," त्या म्हणाल्या. मग थांबून, "आन सांगितलं तर गुडघे परत धरत्याल."

"मग पुडी आता कुठंय?"

"गावाला ठिवून आले. मागं एक पुडी तू फेकून दिली व्हतीस कचऱ्यात. म्हणून इकडं आणली नाय. दहा-बारा दिस झालं बंद हाय." गेल्या खेपेला अंगारा समजून मी ती फेकली होती आणि विसरूनही गेले होते.

मी काय करायला हवं होतं हे आता कुणीही सांगेल. मी ते केलं नाही. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. चार दिवस! चार दिवस ती डॉक्टर जीव तोडून विचारतेय, पोरगा रजा काढून भिंतीला टेकलाय, आणि तुम्ही नारळ देऊन आणलेली पुडी लपवून पडलात? तुमच्या अडाणीपणानं जीव जायची वेळ आली. आणखीही बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या खाटांवरची माणसं माना वळवून बघत होती.

आत्याबाईंनी तोंड भिंतीकडं केलं. "तुझा देव बोलला नव्हता," त्या म्हणाल्या.

मी उठले आणि काउंटरकडं गेले. तिथल्या सिस्टरनी मॅडमना फोन लावून दिला, मी पुडीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सिस्टरला फोन द्या."

पुढं सगळं भराभर झालं. कॉर्टिसोल तपासायला रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. हे शरीरातल्या कॉर्टिसोलसारखंच स्टेरॉइड. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, म्हणूनच गुडघेदुखी थांबते आणि चेहरा भरतो, असं मॅडमनी नंतर समजावलं. संध्याकाळी सहाला रक्तदाब शंभरावर आला. साडेसातला आत्याबाईंनी भाकरी मागितली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला आणि मॅडमनी त्या दोन टोप्या काढून दाखवल्या.

त्या सकाळी मी आत्याबाईंचे पाय दाबत बसले आणि माफी मागितली. "व्हतंय," एवढंच म्हणाल्या.

आता त्या सकाळी आणि दुपारी गोळी घेतात. ती महिनोन्‌महिने थोडी थोडी कमी करायची आहे, म्हणजे ग्रंथी जाग्या होतील. ताप आला तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं वाढवायची. त्यांच्या कमरेच्या पिशवीत एक कार्ड असतं, त्यावर हे लिहिलंय. गुडघे परत दुखतात, आणि त्या तसं मोकळेपणी सांगतात. तुमच्या घरात कुणी अशी पुडी घेत असेल तर कृपा करून ती अचानक थांबवू नका आणि फेकूही नका. पुडी घेऊन डॉक्टरकडं जा. मी फेकली होती, म्हणून सांगते.

दोन महिन्यांनी आत्याबाई म्हणाल्या, गावाला चल. त्यांच्या गल्लीत आणखी पाच बायका तीच पुडी घेतात, हे मला तेव्हा कळलं. एसटीनं गंगापूर, तिथून जीप. दुपारी आमच्या ओट्यावर पाचही जणी जमल्या, सगळ्या साठीच्या पुढच्या. आत्याबाईंनी सगळं सांगितलं. न्हाणीत पडल्याचं, शिरा सापडत नव्हत्या त्याचं, पुडीचं. "गुण जायचा आसंल तर जाऊं द्या," त्या म्हणाल्या. "पर एकदम बंद करू नका. दवाखान्यात दाखवा."

एकीनं पदर सावरत विचारलं, "आन तू सांगितल्यावर सून काय म्हनली?"

पाचही जणी माझ्याकडं बघायला लागल्या. माझे कान तापले.

"मंगल?" आत्याबाई म्हणाल्या. "एक शबूद बोलली नाय. उठली आन डाक्टरला सांगून आली."

परतीच्या जीपमध्ये मी त्यांना विचारलं, "आत्याबाई, खोटं कशाला बोललात?"

"खरं सांगितलं आसतं, तर एक तरी तोंड उघडंल का तिच्या सुनंपुढं?"

परवा त्यांतल्या एकीच्या सुनेचा फोन आला. सासूनं आपण होऊन पुडी पुढ्यात ठेवली म्हणे, कोणत्या दवाखान्यात आणू ते विचारत होती. शेवटी म्हणाली, "मला लई राग आला होता ताई. पण तुम्ही त्या टायमाला काहीच बोलला नव्हता, असं आमच्या आत्या म्हणल्या. मग मी पण नाय बोलले."

मी "हो" म्हणाले आणि दवाखान्याचा पत्ता सांगितला. फोन ठेवल्यावर बराच वेळ मला लाज वाटत होती, आणि बरंही वाटत होतं.