हा एक मामातर्फे

गाडीचा कुठलाही नट आवळून झाला तरी मामा लगेच पाना काढत नसत. क्षणभर थांबत, दोन्ही हात पँटला पुसत आणि "हा एक मामातर्फे" असं म्हणून आणखी एक सणसणीत हिसका देत. गिऱ्हाइकाला वाटे, काय माणूस आहे, परक्याच्या गाडीत किती जीव ओततो. बाकीचे मेकॅनिक मात्र या हिसक्याने मेटाकुटीला आले होते. आसपासच्या कुठल्याही गॅरेजात एखादा नट हटून बसला, की आधी गाडीच्या मालकाला विचारलं जाई, "ही कधी मामांकडे गेली होती का?" उत्तर 'हो' आलं, की त्या दिवशीची बाकीची कामं उद्यावर जात.

मामा हे काही त्यांचं नाव नव्हे. बहिणीचा मुलगा लहानपणी शाळा सुटली की गॅरेजात येऊन एका जुन्या टायरमध्ये बसायचा आणि संध्याकाळपर्यंत "मामा, मामा" करून डोकं उठवायचा. गिऱ्हाइकांनी तेच उचललं. पुढे मामांहून वयाने मोठी माणसंही त्यांना मामा म्हणू लागली. भाचा शिकला, नोकरीसाठी लांबच्या शहरात गेला, टायरही कुणीतरी नेला, पण नाव तेवढं मागे राहिलं.

मामांचं लग्न राहूनच गेलं. का राहिलं, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, "एका गाडीखाली होतो, वर आलो तेव्हा वय झालं होतं." तरुणपणापासून त्यांचं रात्रीचं जेवण पलीकडच्या गल्लीत त्याच बहिणीकडे, ताईकडे. तीही एकटीच. घरामागे तिची रोपवाटिका होती, आणि रोपं विकायला नेण्यासाठी एक म्हातारी हिरवी पिकअप. जेवताना दोघं फार बोलत नसत. ताई म्हणायची, "भात घे." मामा म्हणायचे, "पुरे." एवढ्यावर त्यांची कित्येक वर्षं मजेत गेली होती.

मग मामांच्या उजव्या खांद्याने दगा दिला. पाण्याच्या तांब्यापेक्षा जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं. गॅरेजला कुलूप लागलं, हत्यारं पलंगाखाली गेली, आणि मामा गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकून त्यांच्या मालकांना खिडकीतून सल्ले देऊ लागले. सल्ले बरोबर असत, पण कुणी मागितलेले नसत.

एका सकाळी ते ताईकडे चहाला गेले, तर अंगणात पिकअपचं बॉनेट उघडं. रेडिएटर काढून भिंतीला टेकवलेला. इंजिनाच्या तोंडाशी खाली असलेल्या मोठ्या पुलीच्या मधोमध जो नट असतो, त्याच्या कडा ओरबाडलेल्या. कुणीतरी झटापट करून हरून गेलं होतं, हे मामांना लांबूनच कळलं.

"कोण आलं होतं?" त्यांनी विचारलं.

"चौकातला गॅरेजवाला," ताई चहा गाळत म्हणाली. "पुलीच्या मागून तेल गळतंय. आतलं सील बदलायला हवं म्हणे. त्यासाठी पुली काढायची, आणि पुलीसाठी तो नट. हवेच्या मशीनने फिरवून पाहिलं, मग तो आणि त्याचा पोऱ्या मिळून पान्याला लोंबकळले. शेवटी मला विचारलं, ही मामांकडे गेली होती का. मी म्हटलं, तो माझा सख्खा भाऊ. तर हत्यारं गोळा करून निघून गेले."

मामांना हसू आलं नाही. "मला का नाही सांगितलंस?"

"आणि तुझ्या खांद्याचं काय?"

मग तिने उरलेलंही सांगून टाकलं. मुलगा बऱ्याच दिवसांपासून मागे लागला होता, की आता एकटी राहू नकोस, माझ्याकडे ये. आजवर तिने गाडीकडे बोट दाखवून वेळ मारून नेली होती, की धंदा चालतोय, कशी येऊ. आता गाडीच बसली. रविवारी मुलगा येणार, भंगारवाला गाडी नेणार आणि ताई मुलाबरोबर जाणार. "रोपं काय डोक्यावर घेऊन फिरू या वयात?" असं म्हणून तिने कप मामांपुढे सरकवला.

मामांना त्या चहाची चव लागली नाही. ताई गेली तर आपलं काय, हा प्रश्न त्यांनी आजवर स्वतःला विचारला नव्हता, आणि आता तो समोर येऊन बसला होता. पण असं काही तोंडाने बोलणं त्यांना जमत नसे. त्यांच्या पोटात माया होती आणि ती सगळी मनगटातून बाहेर पडे. ते उठले आणि म्हणाले, "रविवारला अजून वेळ आहे. नट माझा आहे, मी काढतो."

तो नट त्यांचाच होता. भाऊजी गेले त्या वर्षी ताई गाडी चालवायला शिकली आणि ही जुनी पिकअप घेतली. मामांनी तिचं इंजिन सबंध खोलून नव्याने बांधलं. बहीण एकटी कुठल्या कुठल्या रस्त्यांनी जाणार, वाटेत काही सुटायला नको, या काळजीने त्यांनी हा नट आवळला. मग मामातर्फे एक हिसका दिला. मग भाच्यातर्फे एक. मग गेलेल्या भाऊजींचीही आठवण झाली, तेव्हा पान्यावर चढून उभे राहिले. त्या वेळी त्यांचे दोन्ही खांदे शाबूत होते.

गंज सोडवणारं तेल नटावर मारून त्यांनी ते रात्रभर मुरू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला गाडीत बसवलं, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली आणि ब्रेक दाबून धरायला सांगितलं, म्हणजे इंजिन जागचं हलणार नाही. डाव्या हाताने पाना ओढला. पाना हलला, मामांचा चेहरा उजळला, आणि मग लक्षात आलं की नट सुटत नव्हता, अख्खं इंजिनच त्याच्याबरोबर फिरत होतं. क्लच घासून गुळगुळीत झाला होता, तो कसला धरतोय.

"दाबतेयस ना नीट?"

"ब्रेक जमिनीला टेकलाय. आणखी दाबला तर पाय पलीकडे निघेल."

मामा उकिडवे बसून विचार करू लागले. क्लच धरत नसेल तर इंजिनाला आतूनच अडवायला हवं होतं. त्यांनी एक स्पार्क प्लग काढला आणि दोरी मागितली. प्लगच्या भोकातून दोरी आत भरायची, की पिस्टन वर येताना तिच्यावर अडकतो आणि इंजिन फिरायचं थांबतं. ताईने रोपं बांधायचा काथ्या आणला. मामांनी मान हलवली. काथ्याचे तंतू आत राहिले असते, तर इंजिनाने जन्मभर शिव्या घातल्या असत्या. त्यांची नजर अंगणात फिरली आणि कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीवर येऊन थांबली.

"तिच्यावर कपडे आहेत," ताई म्हणाली.

"दिसतंय."

ताईने कपाळावर हात मारला, ओले कपडे उचलले आणि गुलाबांच्या कुंड्यांवर पसरले. झेंडूवर टॉवेल आला. दोरीचं एक टोक बाहेर ठेवून मामांनी बाकीची वीत वीत करून आत सरकवली, आणि पान्याने इंजिन हलकेच मागे फिरवलं. थोडं फिरून ते गच्च थांबलं. मग त्यांनी नटावर पाना बसवला, लांब जोड लावून दांडा बंपरच्या बाहेर काढला, जोडाखाली जॅक टेकवला आणि दांड्यात बागेतला लोखंडी पाइप घातला.

आता फक्त जोर हवा होता. मामांनी डाव्या खांद्याने पाइप दाबला. काही नाही. सवयीने उजवा हातही पुढे केला, आणि कळ अशी आली की ते मटकन खाली बसले. आपणच दिलेले हिसके आपल्याला भारी पडताहेत हे त्यांना कळत होतं, आणि तेव्हाच्या स्वतःचा, त्या तरण्याताठ्या आडदांड गड्याचा, त्यांना मनापासून राग आला. तो हटायला तयार नव्हता, आणि उद्या रविवार होता.

"सर बाजूला," ताई म्हणाली.

"तू काय करणार?"

"आयुष्यभर मला जाडी म्हणालास ना? आता जरा उपयोग होऊ दे."

तिने साडीचा पदर खोचला, पाइपच्या टोकाकडे पाठ केली आणि स्टुलावर बसावं तशी त्यावर बसली. पाइप वाकला. मामा खालून जॅक धरून म्हणाले, "हळूहळू, एकदम नाही." ताई म्हणाली, "मी हळूहळूच जाडी झालेय." तेवढ्यात काडकन आवाज झाला, पाइप खाली गेला आणि ताई अलगद मातीत टेकली. मामांना वाटलं पाना तुटला. पाना धड होता. नट सुटला होता.

ताई मातीत बसल्या बसल्या हसत सुटली, आणि मामाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत दोघं हसली.

पुढचं काम सरळ होतं. पुली निघाली, तडकलेलं सील निघालं, नवं बसलं. मग दोरी दुसऱ्या बाजूने अडकवून मामांनी नट परत चढवला. या वेळी त्यांनी ठरलेल्या जोरावर 'कट' करून इशारा देणारा पाना घेतला. आयुष्यभर कपाटात पडून राहिलेलं हत्यार होतं ते. पाना 'कट' म्हणाला आणि मामांनी तो काढून ठेवला.

ताई वाट पाहत उभी होती. "तुझ्यातर्फेचा राहिला."

"नको. पुढच्या वेळी सुटायलाही हवा."

मामांचे हात रिकामे होते, आणि रिकाम्या हातांनी काय करायचं हे त्यांना सुचेना. त्यांनी ते पँटला पुसले. मग गाडीकडे बघतच म्हणाले, "ताई, तू जाऊ नकोस. मला तुझ्याशिवाय करमणार नाही."

"हे तोंडाने सांगायला एवढी वर्षं लागली होय रे तुला?" ताई म्हणाली. तिने डोळे पुसले, इंजिनातून निघालेली काळी दोरी फडक्याने पुसून काढली, एक टोक खांबाला बांधलं आणि दुसरं मामांच्या हातात दिलं.

"बांध त्या झाडाला. कपडे वाळायचेत अजून. आणि गाठ साधी मार, मला सोडवता आली पाहिजे."