पहिल्या पंगतीचा बँड

आमच्या कामरगावात तेव्हा देवावरून भांडणं होत नसत, बँडावरून होत. देव ज्याचे त्याचे ठरलेले होते. बँड मात्र साऱ्या गावात एकच होता, त्यामुळे भांडायला बरं पडायचं.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. आमचा जिल्हा अजून अकोला होता. मी कारंजाला पंचायत समितीत नवानवा कारकून लागलो होतो आणि संध्याकाळच्या एसटीनं परतलो की घरी जायच्या आधी स्टँडजवळच्या शिंप्याच्या दुकानात टेकायचो. दुकानात एकच बाक होता. त्यावर बसायचं तर बँडाविषयी काही ना काही मत पाहिजेच, असा तिथला कायदा. मला मतांची टंचाई कधीच नव्हती.

बँड किती जुना ते कोणालाच सांगता येत नसे. शिंपी म्हणायचा, त्याच्या आज्यानं पहिले कोट शिवले. लाल कोट, खांद्यावर पिवळी झालर, पितळी गुंड्या. वाजवणारे म्हातारे झाले, मेले, गिरणीत कामाला निघून गेले, पण कोट टिकले. नवा माणूस घ्यायचा तर आधी त्याला शिंप्याकडे आणत. गेलेल्याचा कोट ज्याच्या अंगात बसेल तो बँडात. वाजवणं काय, मागाहून येतंच. त्यामुळे कोट झकास बसलेले आणि वाजवण्यात ठणठणगोपाळ असे काही जण आमच्या बँडात कायम असायचे. जातीधर्म म्हणाल तर सगळे होते. म्हणजे गावानं ज्यांना ज्यांना आजवर ओट्याखाली उभं केलं, ते सगळे.

मूळचा म्हणावा असा एकच उरला होता, झांजवाला म्हातारा. तोंडात दात नाही आणि कानानं ठार बहिरा. झांजा बडवून बडवूनच बहिरा झाला, असं शिंपी अभिमानानं सांगायचा. मास्तर, म्हणजे क्लॅरिनेटवाला, हात वर करी. तो हात बघून म्हातारा सुरू होई आणि पुन्हा कोणी खांद्याला धरून हलवेपर्यंत थांबत नसे.

"जुना बँड तो जुनाच," शिंपी मशीन थांबवून म्हणे. "तवा वजन होतं. आता हे टम्पेट घुसवले, शिनेमाचे गाने घुसवले. पार पातळ करून टाकला."

वजन हे आमच्याकडे बँडाचं खरं माप. सूर-बीर रेडिओवाल्यांनी बघावेत. बँड आला की छातीत धडधड झाली पाहिजे, टिनपत्रे थरथरले पाहिजेत आणि फळीवरचा पाण्याचा गडवा खाली आला पाहिजे. गडवा जागेवर राहिला तर आमची बाईमाणसंसुद्धा नाकं मुरडायची.

शिंप्याला आडवा जायचा तो माळी. ओढ्याकाठी त्याची वांगी-मिरचीची बागायत होती आणि बाजाराच्या पाट्या एसटीवर चढवून झाल्या की तो बाकावर येऊन बसायचा.

"आता दोन ढोल हायेत," तो सांगे. "पोळ्याले माह्या मळ्यापासून बँड गेला तं वांग्याचा सारा फुलोरा झडला! तुह्या जुन्या बँडानं एक फूल तरी झाडलं काय?"

स्वतःच्या पिकाचं नुकसान इतक्या आनंदानं सांगणारा बागायतदार मी दुसरा पाहिला नाही.

"पन मूळचा बँड राह्यला कुठी?" शिंपी म्हणे. "एक बयरा उरला."

"बैल बदलले म्हनून काय बंडी बदलते बे?"

"बंडी तरी कुठी हाये? चाकं नवे, धुरा नवा. राह्यला तो एक वंगनाचा डब्बा!"

माझ्या मते दोघंही गाढव होते. ढोल, ट्रम्पेट हा सगळा भपका. खरं वजन मास्तरच्या क्लॅरिनेटात, हे माझं म्हणणं. पिपाणीत कसलं आलं वजन, म्हणून दोघं मिळून माझ्यावर तुटून पडत. त्या दोघांची एकी घडवून आणण्याचं काम मी वर्षानुवर्षं इमानानं केलं.

या बाकावर एक माणूस मात्र कधी बसला नाही. माझा बाप.

बा एके काळी डफडं वाजवायचा. त्याचा बापही, त्या बापाचा बापही. हौस म्हणून नाही, गावानं लावून दिलेलं काम म्हणून. लग्न असो, पोळा असो, बोलावणं आलं की जायचं, ओट्याखाली उभं राहून वाजवायचं आणि साऱ्या पंगती उठल्या की उरलंसुरलं फडक्यात बांधून आणायचं. छप्पन साली बा नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि घरात शिरल्या शिरल्या खुंटीवरचं डफडं काढून त्यानं चुलीत घातलं. चामडं जळताना असा वास सुटला की आईनं नव्या धर्माचं स्वागत नाकाला पदर लावून केलं. तेव्हापासून बानं कुठल्याही वाद्याला हात लावला नाही. बँड गल्लीच्या तोंडाशी आला की तो उठायचा आणि मागच्या दारानं वावरात निघून जायचा.

आणि त्याचा नोकरीवाला पोरगा रोज संध्याकाळी बँडावरून घसा बसेस्तोवर भांडत होता. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. तो बोलत नव्हता, एवढंच.

मग माझं लग्न ठरलं. मुलगी किन्हीराजाची. दुकानात आनंदाला पारावार राहिला नाही. मुलीचं कोणालाच काही नव्हतं; नवं गाव, नवा रस्ता, तिथे बँड वाजेल आणि वजनाचा काय तो निकाल लागेल, म्हणून आनंद. माळ्यानं पंगतीसाठी वांगी आणि मिरच्या आपल्याकडून देऊ केल्या.

मी घरी विषय काढला. "बा, लग्नाले बँड सांगू का?"

"सांग," बा म्हणाला. "म्या नाई येत."

मी भडकलो. मला बाचाच राग वारशात मिळालेला आहे. "तो काय डफडं हाये का? कोट घालून येते ते. मर्जी असली तं वाजवते, नसली तं नाई."

"अन जेवते कवा?"

बँडवाले सगळ्यांच्या शेवटी जेवतात हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी इतकी वर्षं भांडलो, पण ही गोष्ट कधी बोलण्यात आली नव्हती.

"सगळ्यायच्या मांगून," बाच म्हणाला. "मंग कोट लाल असो का निळा."

त्या रात्री मला लाजही वाटली आणि चीडही आली. बापाशिवाय लग्न मला नको होतं. आणि खोटं कशाला बोला, बँडाशिवायही नको होतं. सकाळी मी बाच्या पुढ्यात जाऊन बसलो आणि म्हणालो, "बँड पयल्या पंगतीले जेवन. वाजवाच्या आधी. आपन सारे मांगून."

"पाह्यतो," बा म्हणाला. "तसं नाई झालं तं मी किन्हीराजाच्या येशीवरून परत फिरन."

मी सासऱ्यांकडे निरोप धाडला: बँडवाले आमच्या मानाचे पाहुणे आहेत, पहिली पंगत त्यांची. मास्तरलाही जाऊन सांगितलं. "आदी जेवन?" तो म्हणाला. "वाजवाच्याही आदी?" त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. मी समजलो, माणूस गहिवरला.

लग्नाला आम्ही ट्रकनं गेलो. ऊन मी म्हणत होतं. बँड, वऱ्हाड, शिंपी, माळी, सगळे एकाच ट्रकात. बा हौद्याच्या कडेला धरून उभा होता. किन्हीराजाला शाळेत आमचा जानोसा होता. तिथून वाजतगाजत मांडवात जायचं, पण त्याआधी पहिली पंगत.

लाल कोट घालून सारा बँड मांडवात पाटावर बसला. माझ्या सासरच्यांनी निरोप भलताच मनावर घेतला होता. मानाचे पाहुणे म्हटल्यावर आग्रह आलाच. सासरे, त्यांचे भाऊ, मेव्हणे, सगळे बुंदीची परात घेऊन सुटले. माळ्याच्या वांग्यांची भाजी, वर माळ्याच्याच मिरचीची लालभडक तर्री.

आता आग्रहाला नाही म्हणायचीसुद्धा एक कला असते. पत्रावळीवर हात आडवा धरायचा, मान हलवायची, थोडं रागवायचं, मग वाढणारा पुढे सरकतो. आपण हे लहानपणापासून बघत शिकतो. बँडवाल्यांना हे येतच नव्हतं. त्यांना जन्मात कोणी आग्रह केला नव्हता. वाढणारा समोर वाकला की तेही वाकायचे आणि संकोचानं मुकाट खायचे. ढोलवाल्याच्या पत्रावळीवर बुंदीचा ढीग संपेना. मास्तरचे डोळे तर्रीनं गळत होते, तरी तो भाजी घ्या म्हटलं की घेत होता. बा मांडवाच्या खांबाला टेकून हे सगळं बघत होता.

पंगत उठली म्हणजे काय झालं, तर एकेकाला दोघांनी धरून उठवलं. आम्ही जानोशावर परत आलो. मला सजवलेल्या बंडीत बसवलं. मास्तरनं क्लॅरिनेट ओठाला लावलं. मिरचीनं ओठ सुजले होते. एक सूर निघाला, त्यामागून ढेकर निघाला, मग काहीच निघालं नाही. ट्रम्पेटवाले कडुलिंबाखाली जाऊन आडवे झाले. ढोलवाल्यानं पट्टा पोटावर ओढला, तो पुरेना. त्यानं जोर केला तशी त्याच्या कोटाची पितळी गुंडी उडून शिंप्याच्या कपाळावर लागली.

"आज्याची गुंडी!" शिंपी ओरडला.

मास्तरनं पाणी मागायला हात वर केला. झांजवाल्या म्हाताऱ्यानं तो हात पाहिला. दात नसल्यामुळे त्यानं नुसता वरणभात खाल्ला होता. त्यानं झांजा उचलल्या आणि हाणत निघाला तो निघालाच. मागे कोणी वाजवत नाही हे त्याला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. बंडीला त्याच्यामागे जावंच लागलं. साऱ्या किन्हीराजानं माझी वरात एका झांजेवर पाहिली. बायका ओट्यांवर पदर तोंडात कोंबून हसत होत्या. माझी बायको आजही नातवंडांना ती झांज दोन झाकणं आपटून वाजवून दाखवते.

"शेवटी मूळचाच बँड टिकला," शिंपी कपाळ चोळत म्हणाला.

"हा बँड हाये? हा तं बरफवाला हाये!" माळी म्हणाला.

मला जमिनीनं गिळावं असं झालं होतं. मी बंडीतून बाला शोधत होतो. मला वाटलं, तो वेशीकडे गेला असेल. तर बा सगळ्यांच्या पुढे, झांजवाल्याच्या शेजारून चालत होता. पांढरं स्वच्छ धोतर, मान ताठ, कसलीच घाई नाही. वाजणाऱ्या वाद्याच्या बाजूनं बाला चालताना मी पहिल्यांदा बघत होतो.

त्रिशरण-पंचशील झालं, लग्न लागलं, पंगती उठल्या. सगळ्यात शेवटी आम्ही नवऱ्याकडचे बसलो. शिंपी मान खाली घालून बाच्या शेजारी आला. "भाऊ," तो म्हणाला, "आज बँडानं गावाचं नाक कापलं."

"काहून?" बानं हातातला घास पत्रावळीवर ठेवला. "माह्या बापाले लोक म्हनत, तुह्यासारका वाजवनारा नाई. सारी जिंदगी त्यानं उपाशी पोटी वाजवलं. लोक जेवत, तो आयकवे. आज वाजवनाऱ्यानं ढेकर देल्ला, तो म्या माह्या कानानं आयकला. याच्यापरीस भारी बँड म्या आयकला नाई."

शिंप्यानं बुंदीची परात जवळ ओढली आणि बाला आग्रह सुरू केला. 

बँडानं पुढे लग्नं घेताना एक ठरवून टाकलं: वाजवू आधी, पण पहिली पंगत आमची. काही गावांनी नाक मुरडलं, त्या गावांत तो गेला नाही.

आणि बा बाकावर येऊन बसू लागला. वाद होतेच. कुठल्या लग्नात बँडाचं वजन जास्त होतं, कुठे टिनपत्रे हलले, कुठे गडवा पडला. शिंपी आणि माळी हातघाईवर आले की बा तंबाखू मळता मळता मध्येच विचारायचा, "हे आदी सांगा, जेवले होते का ते?"